दवंडीपासून ई-मेलपर्यंत

वऱ्हाडातील खेड्यात माणसे वावरातून घरी परतली, दिवेलागण झाली, की कोतवाल डफ घेऊन चावडीवरून निघत असे आणि चौकाचौकात थांबून दवंडी देत असे. ती ज्याच्या कानी पडली त्याला सूचना मिळाली. जो परगावी गेला होता त्याला शेजाऱ्याने सांगितली तर कळली, नाही तर नाही. दवंडीला पोचपावती नव्हती. तथापि त्या डफाच्या आवाजामागे एक सुसूत्र क्रम उभा असे. तालुक्याच्या कचेरीत एखाद्या कागदावर नोंद होई, तो कागद पटवाऱ्याकडे येई, पटवारी पाटलाला सांगे आणि पाटील कोतवालाला बोलावी. एका ठिकाणी कागद हलला की दुसऱ्या ठिकाणी डफ वाजे.

आज हाच क्रम संगणकाच्या आधारे चालविला जातो. नागरिकाने अर्ज भरला की तो अर्ज स्वतःच पुढील कामास चालना देतो. अर्जाला क्रमांक पडतो, तो योग्य त्या कर्मचाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहतो आणि ज्यांचा ज्यांचा त्या प्रकरणाशी संबंध आहे त्यांना ई-मेलने अथवा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने सूचना जाते. या स्वयंचलित कार्यप्रवाहाचा विचार अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या नित्याच्या कामाच्या अंगाने करणे, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

या विषयाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत जवळचे उदाहरण कोणत्याही परदेशी कंपनीत शोधावयास नको. ते प्रत्येक शेतकऱ्याच्या सात-बाऱ्यामागे आहे.

जमिनीच्या नोंदींविषयी वऱ्हाड पहिल्यापासून जागरूक. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी मोजणी सुरू झाली. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला आणि १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम संमत झाला. या अधिनियमाचे कलम १५४ वाचून पाहण्याजोगे आहे. शेतजमिनीच्या हक्कात बदल करणारा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदविला गेला, की त्या अधिकाऱ्याने त्याची सूचना संबंधित गावच्या तलाठ्याला व तालुक्याच्या तहसीलदाराला पाठविली पाहिजे, असे ते कलम सांगते. एका कार्यालयातील घटनेने दुसऱ्या कार्यालयातील कामास आपोआप चालना द्यावी, ही कल्पना संगणक तहसीलात येण्याच्या कितीतरी आधी कायद्यात लिहिलेली होती. उणीव होती ती वाहनाची. दस्ताच्या सूची क्रमांक २ चे उतारे तयार व्हावयाचे, ते टपालाने अथवा शिपायाच्या हाती जावयाचे, तलाठ्याच्या दप्तरात पडावयाचे. शेत विकत घेणारा शेतकरी स्वतःच दस्ताची नक्कल घेऊन तलाठ्याचे उंबरे झिजवी, कारण कागद आपल्या पायांनी चालत येईल असा त्याचा विश्वास नव्हता.

ई-फेरफार प्रणालीने हे वाहन पुरविले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने ती विकसित केली आणि जमाबंदी आयुक्तांच्या कार्यालयाच्या देखरेखीखाली ती राज्यभर लागू झाली. मूर्तिजापूरला किंवा अचलपूरला दस्त नोंदविला गेला, की त्याची माहिती नोंदणी विभागाच्या प्रणालीतून थेट तहसील कार्यालयाच्या फेरफार कक्षाकडे जाते. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तिच्यात नोंद तयार होते, तिला क्रमांक पडतो. मग हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवसांचा अवधी असतो. हरकत आलीच तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्या प्रमाणनासरशी सात-बारा बदलतो. हितसंबंधितांना लघुसंदेशाने किंवा ई-मेलने कळविण्याची तरतूदही आता कायद्यात झाली आहे. कोणत्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली आहे, हे ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या पाहता येते. ज्या तलाठ्याला वऱ्हाडातील वडीलधारी माणसे अजूनही पटवारीच म्हणतात, त्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडचा शब्द सहसा बदलत नाही, म्हणून येथेही तलाठी हाच शब्द वापरलेला बरा.

नोंदणीकृत दस्ताच्या बाबतीत शेतकऱ्याला काहीच भरावे लागत नाही. दस्त हाच अर्ज ठरतो. पण सर्वच बदल दस्ताने होत नाहीत. खातेदार मृत्यू पावला, सोसायटीचे कर्ज फिटले, अज्ञान मुलगा सज्ञान झाला, या गोष्टींची खबर कोणी तरी द्यावीच लागते. त्यासाठी ‘ई-हक्क’ ही सोय आहे. वारस नोंद, बोजा चढविणे व उतरविणे, मयताचे नाव कमी करणे, अज्ञान पालनकर्त्याचे नाव कमी करणे, असे अर्ज त्यावरून थेट तलाठ्याकडे पाठविता येतात.

येथपर्यंतची हकीकत समाधानाची आहे. आता जेथे साखळी तुटते तेथे थांबले पाहिजे.

दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावाची कल्पना करावी. माघात घरचा कर्ता पुरुष गेला. मागे पत्नी, दोन लहान मुले, वृद्ध सासू आणि कोरडवाहू चार एकर. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुले आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. कोणाचेही नाव वगळता येत नाही. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यावयाची असते. चैत्र संपत आला, की पीककर्जाच्या चौकशीला बँकेत माणसे जाऊ लागतात. मृगाच्या आधी सरकी नि सोयाबीनचे बियाणे घरात यावयास हवे. बँक म्हणते, सात-बारा तुमच्या नावाचा आणा. बाई तालुक्याच्या गावी संगणक केंद्रात जाते. केंद्रचालक चांगला मुलगा आहे, अर्ज भरू लागतो आणि विचारतो, “माय, फोन नंबर कोणता टाकू?” ती म्हणते, “माह्याजवळ कुठचा फोन, बापू! तुहाच टाक.” ई-मेलच्या रकान्यात तर विचारण्याचेही कारण उरत नाही. तेथे केंद्राचा पत्ता आधीच भरलेला असतो.

अर्ज जातो. यंत्रणा चोख चालते. तलाठी कागद पाहतो आणि त्याला आढळते की मृत्यूच्या दाखल्यावरील नाव आणि सात-बाऱ्यावरील नाव यांत फरक आहे. एकात वडिलांचे नाव आहे, दुसऱ्यात नाही. तो अर्जावर त्रुटीचा शेरा मारतो आणि सूचना त्याच क्षणी निघते. ती बरोबर त्या पत्त्यावर पोचते जो अर्जात लिहिला आहे. केंद्रचालकाच्या टपालपेटीत त्या दिवशी अशा असंख्य अर्जांच्या सूचना येऊन पडलेल्या असतात. त्यातील एक या बाईची. ती मात्र घरी वाट पाहत असते, कारण अर्ज ‘ऑनलाइन’ झाला आहे आणि आता तो आपोआप होणार, असे तिला सांगण्यात आलेले असते. रोहिणी जाते, मृग लागतो. बँकेतून रिकाम्या हाताने परतलेली बाई सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसते.

या प्रसंगात दोष कोणाचा म्हणावयाचा? तलाठ्याने विलंब केला नाही. संगणक चुकला नाही. केंद्रचालकाने तर मदतच केली. सूचना पाठविण्याची व्यवस्था उभी राहिली, पण सूचना मिळण्याची व्यवस्था कोणीच केली नाही. पूर्वी रजिस्टर्ड टपालाची पोचपावती सहीनिशी परत येत असे, तेव्हा निदान कोणाच्या हाती पडले हे कळे. ई-मेलची पोच यंत्राची असते, माणसाची नसते.

कायद्याची भूमिकाही याबाबत समजून घेण्याजोगी आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, पत्त्याच्या धन्याने संदेश स्वीकारण्यासाठी एखादे संगणक साधन नेमून दिले असेल, तर संदेश त्या साधनात शिरला त्याच वेळी तो मिळाला असे धरले जाते. वाचला की नाही हा प्रश्न गौण ठरतो. हा नियम दुधारी आहे. अर्जदाराने दुसऱ्याचा पत्ता दिला तर त्याचे परिणाम अर्जदाराला भोगावे लागू शकतात. त्याचप्रमाणे कार्यालयाने एखादा ई-मेल पत्ता जनतेसाठी जाहीर केला असेल, तर ती पेटी आठवडाभर उघडलीच नाही ही सबब कार्यालयाला सांगता यावयाची नाही. जाहीर पत्ता म्हणजे कार्यालयाच्या दारावरील टपालपेटीच होय आणि ती रोज उघडणे हे कोणाच्या तरी नावे नेमून दिलेले काम असले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते कोणाच्याच नावे नसते.

मुदतीच्या दृष्टीने महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा येथे संबंध येतो. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की त्याला क्रमांक मिळतो आणि ठरलेल्या दिवसांची मोजणी सुरू होते. मुदतीत सेवा न मिळाल्यास प्रथम अपील, द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग, असा मार्ग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. परंतु अपिलाची मुदत ज्याला आपला अर्ज फेटाळला गेल्याचे कळले त्यालाच उपयोगी पडते. ज्या टपालपेटीत ती सूचना पडून राहिली तिला अपील करता येत नाही.

आता हीच पद्धत लहान प्रमाणावर ग्रामपंचायतीने वा शाळेने स्वतः उभारावयाची ठरविले, तर काय करावे लागेल ते पाहू. अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात खारपाणपट्ट्यातील गावे आपल्या विहिरींचे पाणी पिऊ शकत नाहीत. वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांच्या नळावर त्यांची तहान अवलंबून असते. अशा गावी जलवाहिनी फुटली तर एक दिवसाचा उशीर म्हणजे घरोघरच्या बाईच्या डोक्यावर एक जादा हंडा. तक्रार कोठे करावयाची? मुख्य वाहिनी फुटली असेल तर योजनेच्या अभियंत्याकडे. गावठाणातील वाहिनी असेल तर ग्रामपंचायतीकडे. ग्रामस्थाला हा भेद ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सरपंचाला फोन करतो, सरपंच पंचायत समितीला करतो, तेथून आणखी कोठे तरी सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला काय सांगितले यावर वाद होतो.

यासाठी एक साधे प्रपत्र पुरे. गूगल फॉर्म किंवा तत्सम साधनावर ते तासाभरात तयार होते. प्रत्येक उत्तर एका तक्त्यात नव्या ओळीने आपोआप नोंदले जाते. हा तक्ता म्हणजे आवक नोंदवहीच समजावी. त्या तक्त्याला एक लहानशी आज्ञावली जोडता येते. प्रपत्र सादर झाले रे झाले, की ती जागी होते, नव्या ओळीतील उत्तरे वाचते आणि ठरवून दिलेल्या अटीप्रमाणे ई-मेल पाठविते. गळती ‘गावाबाहेर, मुख्य वाहिनीवर’ असेल तर अभियंत्याला, ‘गावठाणात’ असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, आणि दोन्ही प्रसंगी प्रत सरपंचाला. तक्रार करणाऱ्याने आपला पत्ता दिला असेल तर त्यालाही तक्रार क्रमांकासह पोच जाते.

सांगावयास हे इतके सोपे आहे. कठीण भाग पुढे असतो. पहिली गोष्ट प्रश्नांची. ‘तक्रारीचे स्वरूप लिहा’ असा मोकळा रकाना ठेवला, तर एक जण ‘पाइप फुटला’ लिहील, दुसरा ‘नळ्या गळते’, तिसरा नुसते ‘पाणी’. माणूस तिन्हींचा अर्थ लावील, आज्ञावली लावू शकणार नाही. म्हणून ज्या उत्तरावर पुढील वाट ठरावयाची आहे, तेथे निवडीचे पर्यायच द्यावे आणि एकदा ठरलेले पर्याय सहज म्हणून बदलू नयेत. ‘मुख्य वाहिनी’ च्या जागी कोणी हौसेने ‘मेन लाइन’ लिहिले, की जुन्या शब्दावर नजर ठेवून बसलेली अट आंधळी होते. तक्रारी तक्त्यात येत राहतात आणि सूचना मात्र कोणालाच जात नाही. गावाचे नावही लिहावयास न लावता यादीतून निवडावयास लावावे. वऱ्हाडात एका नावाची दोन-दोन गावे आहेत, खुर्द आणि बुद्रुक.

दुसरी गोष्ट खात्याची, आणि आजच्या श्रोत्यांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. अशी आज्ञावली ज्याच्या खात्यातून कार्यान्वित केली त्याच्याच अधिकाराने चालते. एखादा उत्साही शिक्षक आपल्या वैयक्तिक खात्यातून शाळेसाठी सारी व्यवस्था उभी करतो. पोषण आहाराच्या तांदळाचा साठा ठराविक प्रमाणाखाली गेला की केंद्रप्रमुखांना ई-मेल जावा, असे तो जुळवितो; वर्षभर काम सुरळीत चालते. मे महिन्यात त्याची बदली धारणीला होते. तो आपले खाते बंद करतो अथवा जुनी परवानगी काढून घेतो आणि व्यवस्था त्या क्षणी मूक होते. ती बंद पडल्याची सूचना कोणाला जाते? तिच्या निर्मात्याला, म्हणजे धारणीच्या गुरुजींना! शाळेत सर्वांना वाटत राहते की सूचना येत नाही त्या अर्थी तांदूळ पुरेसा आहे.

म्हणून खाते पदाचे असावे, व्यक्तीचे नसावे. सूचना ज्याला जावयाची तो पत्ताही पदाचाच हवा. शासकीय कामासाठी शासनाची ई-मेल सेवा उपलब्ध आहे आणि अधिकाऱ्यांनी तिचाच वापर करणे अपेक्षित आहे. ज्या कामात नागरिकांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, आजारपणाची माहिती यांसारख्या गोष्टी येतात ते काम तर खासगी प्रपत्रावर मुळीच घेऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने माहिती कोणत्या हेतूने घेतली ते सांगणे आणि त्याच हेतूपुरती ती वापरणे यांस महत्त्व दिले आहे. गळतीची तक्रार करणाऱ्याला जन्मतारीख विचारण्याचे कारण नाही. कार्यालयांना जास्तीचे रकाने ठेवण्याची जुनी सवय आहे. कागदावर ती केवळ कंटाळवाणी होती, संगणकावर ती धोक्याची आहे.

प्रमाणाचाही विचार हवा. मोफत खात्यातून आज्ञावलीद्वारे एका दिवसात साधारणपणे १०० जणांनाच ई-मेल पाठविता येतो. एका गावाच्या पाणी तक्रारींना ही मर्यादा पुरून उरते. तालुक्यातील सर्व पालकांना निकाल कळवावयाचा असेल तर शंभराव्या पालकानंतर शांतता पसरेल, आणि राहिलेल्यांना आपण राहिलो हे कळणारही नाही.

या ठिकाणी राज्याच्या प्रशासनातील एका जुन्या प्रयोगाचे स्मरण होते. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयातील कागदांच्या ढिगांना शिस्त लावली. कागद कोठे आहे आणि तो तेथे किती दिवस आहे, हे विनासायास कळावे यावर त्यांचा भर होता. ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द त्या काळी कचेऱ्याकचेऱ्यांतून ऐकू येई. त्यात संगणक नव्हता. सहा गठ्ठा पद्धतीतही नाही. प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात आणि प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्या गठ्ठ्यात बांधणारा लिपिक कार्यप्रवाहच जुळवीत असतो. ज्या कार्यालयात हे गठ्ठे नीट बांधले जातात तेथे स्वयंचलित सूचना उत्तम चालतात, असा अनुभव आहे. जेथे मुळात कागद कोणाकडे जावयाचा हेच ठरलेले नाही, तेथे संगणक गोंधळाला वेग तेवढा देतो. व्यवस्था उभारण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर कागदाचा प्रवास काढून पाहावा: कोणाकडून, कोणाकडे, किती दिवसांत, आणि त्या दिवसांत काही न झाल्यास कोणाकडे. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. सूचना गेली, तीन दिवस झाले, तक्त्यात ‘दुरुस्त झाले’ अशी खूण पडली नाही, तर वरिष्ठाला दुसरी सूचना जावी, अशी अट घातली नसेल तर पहिल्या सूचनेला फारसा अर्थ उरत नाही. आज्ञावली रोज सकाळी ठराविक वेळी जागी होऊन न मिटलेल्या ओळी शोधू शकते. तेवढे एक काम तिच्याकडून अवश्य करून घ्यावे.

सूचनेच्या भाषेविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ती बहुधा कोणीच वाचून पाहत नाही. ‘आपल्या अर्जावरील कार्यवाही त्रुटीपूर्ततेअभावी प्रलंबित आहे’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि दर्यापूरच्या त्या बाईला निरुपयोगी आहे. ‘तुमच्या पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावरील नाव सात-बाऱ्यावरील नावाशी जुळत नाही. दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे प्रतिज्ञापत्र अमुक तारखेपर्यंत तलाठी कार्यालयात द्या’ असे लिहिले, तर ती ते दहावीतल्या मुलाकडून वाचून घेईल आणि दुसऱ्या दिवशी निघेल. काय कमी आहे, कोठे द्यावयाचे, केव्हापर्यंत. एवढे तीन तपशील असले की संदेश पुरा होतो. मेळघाटात अडचण आणखी वेगळी आहे. चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत कोरकू घरांतून मराठी ही शिकलेली भाषा आहे, आणि पुष्कळ गावांत मोबाइलला संकेत मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते. तेथे ई-मेल ही मुख्य सूचना मानणे चुकीचे ठरेल. ती कार्यालयाच्या नोंदीसाठी ठेवावी, आणि प्रत्यक्ष निरोपासाठी कोतवाल, आशा कार्यकर्ती, शाळेचे मुख्याध्यापक यांपैकी कोणाच्या तरी नावे एक प्रत निघावी. यंत्राने माणसाला सांगावे, आणि माणसाने माणसाला.

मूळ प्रश्न मात्र पत्त्याच्या त्या एका रकान्याचा आहे, आणि तो सोडविण्यास पैसा लागत नाही. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर अर्जदाराचा स्वतःचा किंवा घरातील कोणाचा क्रमांक विचारल्याशिवाय अर्ज पुढे पाठवू नये, हे ग्रामपंचायतीने पाहावे. घरात फोनच नसेल तर पोलीस पाटील, बचत गटाची अध्यक्षा, शाळेचे शिक्षक यांपैकी जिच्यावर किंवा ज्याच्यावर अर्जदाराचा विश्वास आहे त्याचा क्रमांक, त्याला विचारून, लिहावा. आणि त्याने संदेश आल्यावर अर्जदाराच्या घरी जाऊन सांगण्याचे कबूल केलेले असावे. अर्जाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून अर्जदाराच्या हाती द्यावा. लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या लक्ष्मीच्या नावे शेत लावण्याचा आग्रह धरला होता. तेव्हा सात-बाऱ्यावर बाईचे नाव लागावे हा प्रश्न होता. आज त्याच्या जोडीला आणखी एक रकाना आहे, आणि त्यातही तिचेच काही तरी असावयास हवे.

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, त्या दिवशी महसूल दिन पाळला जातो आणि त्या सप्ताहात ठिकठिकाणी शिबिरे भरतात. अमरावती विभागातील शिबिरांत उत्पन्नाचे दाखले आणि सात-बारे वाटले जातात, तेथेच एक टेबल अधिक मांडता येईल. प्रलंबित वारस अर्जांची यादी काढावी आणि प्रत्येकापुढे नोंदलेला क्रमांक त्याच जागी फिरवून पाहावा. पलीकडून केंद्रचालक बोलला तर त्याच्याकडून अर्जदाराचे गाव विचारून घ्यावे, कोतवालाला धाडावे आणि खरा क्रमांक लिहून घ्यावा. एका मंडळातील अशा अर्जांना दोन कर्मचारी आणि एक दुपार पुरते. ज्या क्रमांकावर कोणीच उचलत नाही त्यांची वेगळी यादी करून ती चावडीवर लावावी, आणि संध्याकाळी माणसे वावरातून परतल्यावर तेवढ्या नावांपुरती दवंडी द्यावी.